माउईचा पाट

काहुलुईला उतरताना विमान माउई बेटाच्या मधल्या सपाटीवरून गेलं. मी खिडकीला चिकटून ऊस शोधत होते. दिसलं ते वाळकं गवत, लाल माती आणि मधूनच लिंबाच्या जातीच्या रोपांच्या आखीव ओळी. एका अंगाला हालेआकालाचा दहा हजार फुटांचा डोंगर ढगात शिरलेला, दुसऱ्या अंगाला पश्चिम माउईचे हिरवे सुळके. या दोघांच्या मधल्या पट्ट्यात छत्तीस हजार एकर ऊस उभा असायचा. त्यातला शेवटचा १२ डिसेंबर २०१६ रोजी तोडला गेला. मी पोचले २०२२ च्या जुलैत.

माझं माहेर प्रवरेच्या पाटाखालचं. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि आमच्या जिराईत गावात बागाईत आलं. पाण्याची पाळी बहुधा रात्रीचीच मिळे. आजोबा कंदील आणि फावडं घेऊन दारं धरायला निघत, तेव्हा मी अंथरुणातून त्यांच्या वहाणांचा आवाज ऐकत असे. सकाळी ते परतले की पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले आणि चेहरा मात्र सणासारखा. म्हणून कॅलिफोर्नियातला माझा भाचा म्हणाला, "मावशी, हवाईला तुला काय बघायचंय? समुद्र, की ज्वालामुखी?" तेव्हा मी म्हटलं, "साखर कारखाना."

"अगं, तो बंद पडलाय."

"मग बंद पडलेला बघू."

कारखाना पुउनेनेला आहे. गाव म्हणावं असं तिथे आता फारसं काही उरलेलं नाही. भल्यामोठ्या पत्र्याच्या इमारती, त्यांच्या चिमण्या आणि भोवती मोकळं रान. गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या परिसरात जो मळीचा आंबूस गोड वास भरून राहतो, तो नाकात येईल असं मला उगीच वाटत होतं. आला तो समुद्राचा खारा वारा. कारखान्यासमोर रस्त्यापलीकडे १९०२ सालचं एक लाकडी घर आहे. पूर्वी तिथे कारखान्याचे सुपरिंटेंडेंट राहत, १९८७ पासून तिथे साखरेचं संग्रहालय आहे. नाव अलेक्झांडर अँड बाल्डविन, म्हणजे कारखाना चालवणाऱ्या कंपनीचंच.

या कंपनीची गोष्ट दोन मुलांपासून सुरू होते. सॅम्युएल अलेक्झांडर १८३६ चा, कौआई बेटावर जन्मलेला. हेन्री बाल्डविन १८४२ चा, माउईवरच्या लाहाइनाचा. दोघांचे वडील अमेरिकेतून आलेले मिशनरी. मुलं लाहाइनात एकत्र वाढली, दोस्ती झाली, पुढे हेन्रीने सॅम्युएलच्या बहिणीशी, एमिलीशी लग्न केलं. १८६९ साली दोघांनी मकावाओजवळ बारा एकर जमीन ११० डॉलरला घेतली आणि ऊस लावला. दुसऱ्या वर्षी भागीदारी झाली. भिंतीवर दोघांची छायाचित्रं आहेत. हेन्रीच्या चित्रात कोटाची उजवी बाही रिकामी आहे.

मिशनऱ्यांच्या पोरांना जमीन मिळाली कशी, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. हवाईत जमीन विकायची वस्तूच नव्हती. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत उभी चीर काढावी तसा एकेक मुलूख असे, त्याला ते 'अहुपुआआ' म्हणतात. वरचं जंगल, मधला ओढा, खालची शेतं आणि शेवटची मासेमारी, सगळं एकाच मुलखात, आणि ओढ्याचं पाणी सगळ्यांच्या वापराचं. १८४८ साली राजा तिसरा कामेहामेहा याने जमिनीची वाटणी केली, १८५० पासून परदेशी लोकांना ती विकत घेता येऊ लागली. हवाईयन भाषेत 'वाइ' म्हणजे पाणी आणि 'वाइवाइ' म्हणजे संपत्ती. हे दोन शब्द मला भाच्याने गाडीत शिकवले, आणि माझ्या आजोबांना ही भाषा सहज कळली असती असं मला वाटत राहिलं.

माउईची अडचण अशी की जिथे सपाट जमीन आणि भरपूर ऊन तिथे पाऊस नाही. पाऊस पडतो तो हालेआकालाच्या ईशान्य अंगावर, वाऱ्याच्या तोंडाला. तिकडे घळीच घळी, शेती करायला जागा नाही. उसाला तर पाणी किती लागतं ते मी सांगायला नको. आमच्याकडचा आडसाली ऊस दीड वर्ष शेतात असतो, इथला दोन वर्षं असायचा.

१८७५ साली हवाईच्या राज्याचा अमेरिकेशी करार झाला आणि १८७६ पासून हवाईची साखर अमेरिकेत जकातीशिवाय जाऊ लागली. हातात जमीन आहे, बाजार उघडला आहे, अडलं आहे ते पाण्याशी. सॅम्युएलच्या डोक्यात कल्पना आली की पूर्वेच्या घळींतले ओढे अडवून पाणी पाटाने इकडे आणावं. सरकारने वर्षाला शंभर डॉलर भाड्यावर पाणी दिलं, अट घातली ती ३० सप्टेंबर १८७८ पर्यंत काम पुरं करण्याची. सतरा मैलांचा पाट, वाटेत घळी, जंगल, कातळ. दोघांपैकी कुणीही इंजिनियर नव्हता.

काम हाती घ्यायचं त्याच वर्षी, मार्च महिन्यात, हेन्रीचा हात गेला. पालिउलीच्या गिरणीत तो चरकाचे रूळ नीट बसवत होता, बोटं रुळांत सापडली आणि हात वरपर्यंत ओढला गेला. यंत्र उलटं फिरवून हात बाहेर काढला आणि खांद्याजवळून कापावा लागला. आमच्या गुऱ्हाळावर चरकात ऊस सारणाऱ्या माणसाजवळ आम्हा पोरांना फिरकू देत नसत. काकवीसाठी वाटी घेऊन उभं राहायचं ते दहा हात लांब. ती सक्ती का होती ते मला पुउनेनेच्या त्या रिकाम्या बाहीपुढे नीट समजलं. चौतिसाव्या वर्षी हेन्री डाव्या हाताने लिहायला शिकला, आणि एका हाताने चर्चमधला ऑर्गन वाजवायलाही.

पाट येत येत मालिकोच्या घळीशी आला आणि अडला. ही शेवटची आणि सगळ्यांत खोल घळ. इथे लोखंडी नळ कड्यावरून खाली सोडून पलीकडच्या कड्यावर चढवायचा होता, म्हणजे पाणी आपल्याच जोराने खाली जाऊन वर निघेल. त्यासाठी माणसांनी दोराला धरून सरळ कड्यावरून उतरायचं. मजुरांनी नकार दिला. तेव्हा हेन्रीने दोर पायांत धरला, एका हाताने आळीपाळीने पकड सोडत-धरत तो खाली उतरला. त्यानंतर माणसं उतरली. तो रोज असाच उतरे असं सांगतात. मुदतीच्या आत पाट पुरा झाला.

मुदतीला एवढं महत्त्व का, तर टपून बसलेला माणूस जवळच होता. सॅन फ्रान्सिस्कोचा साखरसम्राट क्लाउस स्प्रेकेल्स याने राजा कालाकाउआला चाळीस हजार डॉलर कर्ज दिलं होतं आणि त्याच सुमारास शेजारच्या ओढ्यांचं पाणी स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. अलेक्झांडर-बाल्डविनांचा हा पाट, हामाकुआचा पाट, वेळेत पुरा झाला नसता तर तेही पाणी त्याचं झालं असतं. पुढे वीस वर्षांनी, १८९८ मध्ये, स्प्रेकेल्सची कंपनीच अलेक्झांडर-बाल्डविनांच्या हाती आली.

आम्ही मालिकोच्या घळीपर्यंत गेलो. आता वरून रस्ता जातो, मोटारीला अर्धा मिनिट लागतो. भाच्याने गाडी बाजूला घेतली. खाली दाट झाडी, तळ दिसत नव्हता. एका हाताने इथून उतरणारा माणूस मी डोळ्यांसमोर आणू पाहिला आणि मनापासून हात जोडले. या माणसाबद्दलचा माझा आदर पुढच्या दोन दिवसांत बरंच काही पाहूनही कमी झाला नाही.

मकावाओकडे चढणाऱ्या रस्त्याला बाल्डविन अव्हेन्यू असं नाव आहे. त्या रस्त्यावर १९१७ साली हेन्रीच्या स्मरणार्थ बांधलेलं दगडी चर्च आहे, आणि ते पालिउलीच्या त्याच जुन्या गिरणीच्या पायावर उभं आहे. जिथे हात गेला, तिथे ऑर्गन वाजतो. सॅम्युएलचा शेवटही विलक्षण. १९०४ मध्ये मुलगी ॲनीला घेऊन तो आफ्रिकेत व्हिक्टोरिया धबधबा पाहायला गेला, खालच्या घळीत उभा असताना वरून आलेल्या दगडाने त्याचा पाय चिरडला आणि त्यातच तो गेला. ज्याने आयुष्यभर पडणाऱ्या पाण्याचा विचार केला, तो पडत्या पाण्यासमोर संपला. ॲनीने पुढे बर्कलीच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचं मोठं संग्रहालय उभं केलं, साखरेच्या पैशातून.

कंपनी केवळ ऊस पिकवून मोठी झालेली नाही. आपल्या मार्केट यार्डात अडते असतात ना, तसे होनोलुलूत मळ्यांचे अडते होते. मळ्याला खत, यंत्रं, तांदूळ, मजूर पुरवायचे, उचल द्यायची, साखर विकून द्यायची आणि प्रत्येक पायरीवर अडत कापायची. अशा पाच पेढ्या, लोक त्यांना 'बिग फाइव्ह' म्हणत. अलेक्झांडर अँड बाल्डविन ही त्यातली एक. जहाजांच्या मॅटसन कंपनीतही तिने १९०८ मध्ये पैसा घातला आणि १९६९ पर्यंत ती पुरी ताब्यात घेतली. म्हणजे ऊस आपला, पाणी आपलं, दुकान आपलं आणि माल नेणारं जहाजही आपलं. मजुराने दुकानातून घेतलेली काड्याची पेटीसुद्धा त्याच जहाजातून आलेली असे. संचालक मंडळं एकमेकांच्या सोयऱ्यांनी भरलेली. सोयरसंबंधांनी बांधलेलं साखरेचं राजकारण महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

संग्रहालयात मी सगळ्यांत जास्त वेळ थांबले ती पितळी बिल्ल्यांच्या पेटीपाशी. याला 'बांगो' म्हणत, जपानीत आकड्याला तसाच शब्द आहे. प्रत्येक मजुराला नंबराचा बिल्ला असे आणि तो गळ्यात घालून ठेवायचा. हजेरी, पगार, दुकानातली उधारी, सगळं नंबरावर. चिनी आले, पोर्तुगीज आले, १८८५ पासून जपानी करारावर आले, मग पोर्तो रिकोचे, मग १९०६ पासून फिलिपिनो. प्रत्येकाची वस्ती वेगळी, बऱ्याचदा पगारही वेगळा. घोड्यावरच्या मुकादमाला 'लुना' म्हणत.

पेटीशेजारी फिलिपिनो वंशाचे एक वयस्क गृहस्थ उभे होते, नातवाला काही दाखवत. त्यांचे आजोबा आणि वडील दोघेही याच मळ्यात होते. मी भारतातल्या ऊसपट्ट्यातून आलेय हे कळल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्याकडे अजून हाताने तोडतात का? मी हो म्हटलं. बीडकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून येणाऱ्या टोळ्या सांगितल्या, कोयता सांगितला, एका जोडप्याला एक कोयता मोजतात हे सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी त्या पेटीवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "त्यांना नंबर आहे का?" मला उत्तर सुचलं नाही. नंबर नाही, आणि नाव लिहिलेलं असतं ते उचल दिलेल्या मुकादमाच्या वहीत.

जपानी बायका उसाचं पाचट काढताना गाणी म्हणत. पाचट काढण्याला हवाईयन भाषेत 'होले होले', म्हणून ती गाणी 'होले होले बुशी'. पाचटाने हात-तोंड कापतं म्हणून त्या अंगभर कपडे गुंडाळून घेत, कपाळापासून बोटांपर्यंत. संग्रहालयातल्या एका पुतळ्याच्या अंगावर ते कपडे आहेत. आमच्याकडच्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, तो मला आठवला. १९४६ साली या बेटांवरच्या सगळ्या जातीजमातींचे मजूर पहिल्यांदा एकत्र संपावर गेले, ७९ दिवस, आणि जिंकले. वस्त्या वेगळ्या ठेवून जे टाळलं होतं ते अखेर झालं.

तिसऱ्या दिवशी आम्ही हानाच्या रस्त्याने पूर्वेला निघालो. वळणं, लहान लहान पूल आणि प्रत्येक पुलाखाली ओढा. लोक इथे धबधबे पाहायला येतात. मी पाटाची आडवी तोंडं शोधत होते. थोडं निरखलं की दिसतात. ओढ्याच्या आडवी घातलेली सिमेंटची भिंत, लोखंडी जाळी, फळ्यांचं दार. अगदी आमच्या चारीसारखं. १८७६ पासून १९२३ पर्यंत असे पाट आणि बोगदे मिळून चौऱ्याहत्तर मैल झाले, त्यातला मोठा भाग बोगद्यांचा, हाताने कोरलेला. हे सगळं गुरुत्वाकर्षणावर चालतं, पंपाशिवाय. शंभर वर्षांपूर्वीचा बोगदा आजही पाणी वाहतो. पाटावर वाढलेल्या मला ते पाहून भरून आलं.

मग केआनाए आलं. रस्त्यावरून खाली पाहिलं तर समुद्रात शिरलेलं जमिनीचं एक जिभेसारखं टोक, आणि त्यावर पाण्याने भरलेली लहान चौकोनी खाचरं. त्यांत अळू! डोळे मिटूनही ओळखेन असं अळू, आमच्या न्हाणीघराच्या मोरीपाशी वाढायचं तेच. इथे त्याला 'कालो' म्हणतात. कंद वाटून त्याचं 'पोई' करतात, पानांत मांस-मासे बांधून वाफवतात. हवाईच्या पुराणकथेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ आहे. त्याला थंड, वाहतं पाणी लागतं. पाणी साचलं, तापलं की कंद सडतो.

आणि वरच्या अंगाला कंपनीचे पाट. ओढ्यांचं पाणी डोंगराच्या त्या बाजूला वळल्यावर इथल्या खाचरांत उरेल तेवढं उरे. कित्येक घरांनी अळू सोडलं, मुलं बाहेर गेली. काहींनी सोडलं नाही. त्यांनी २००१ पासून सरकारदरबारी आणि कोर्टात दाद मागितली, की ओढ्यात पाणी सोडा. कंपनीला पाणी दिलं होतं ते वर्षाला शंभर डॉलर, स्प्रेकेल्सला पाचशे डॉलर भाड्यावर. अळू लावणाऱ्याला त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. २०१८ च्या जूनमध्ये राज्याच्या जल आयोगाने पूर्व माउईच्या ओढ्यांत पाणी परत सोडण्याचा आदेश दिला. तोवर ऊसच संपला होता.

मी त्या कठड्याशी बसून राहिले. मालिकोच्या घळीपाशी हात जोडले तेव्हा मी खालच्या माणसासारखी विचार करत होते, पाटाच्या शेपटाला ज्याचं शेत आहे त्याच्यासारखी. पाणी आलं की आनंद. ते कुठून निघालं हे विचारायची आमच्या घरात रीत नव्हती. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, अकोल्याच्या डोंगरात, मी लग्नानंतर एकदा मे महिन्यात गेले होते. आमच्या उसाला जाणारा पाऊस जिथे पडतो तिथल्या एका वाडीत बायका प्यायच्या पाण्यासाठी डोंगर उतरून चढत होत्या. मी त्यांचा हंडा थोडा वेळ धरला आणि घरी येऊन विसरले. आमचा कारखाना सहकारी. १९५० सालचा, विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा केलेला. दोन घराण्यांची कंपनी आणि हजारो शेतकऱ्यांचा कारखाना यांतला फरक मी लहानपणापासून अभिमानाने सांगत आले आहे, पुढेही सांगेन. पण त्या वाडीतल्या बाईचा भाग दोन्हींतल्या कुठल्याच वहीत नाही, हे मला केआनाएला कळलं.

कंपनीने ६ जानेवारी २०१६ रोजी साखर थांबवत असल्याचं जाहीर केलं. आधीच्या वर्षी तोटा तीन कोटी डॉलरच्या घरात गेला होता. सुमारे पावणेसातशे माणसांची कामं गेली. हवाईत १८३५ पासून चाललेल्या साखरधंद्यातला हा शेवटचा मळा. ऊस तोडण्याआधी शेतं पेटवत, त्याची काळी राख घरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडे, तिला लोक माउईचा बर्फ म्हणत. तो बर्फ थांबल्याचं समाधान मला कित्येकांच्या बोलण्यात दिसलं, आणि त्याच माणसांच्या बोलण्यात कारखान्याचा सायरन ऐकू येत नाही म्हणून हळहळही. २०१८ च्या डिसेंबरात कंपनीने एक्केचाळीस हजार एकर जमीन २६ कोटी २० लाख डॉलरला माही पोनो नावाच्या कंपनीला विकली, तिच्यामागे कॅनडातल्या पेन्शन फंडाचा पैसा आहे. बारा एकरांची सुरुवात झाली होती ११० डॉलरपासून.

शेवटची संध्याकाळ लाहाइनाची. हेन्रीचे वडील डॉक्टर ड्वाइट बाल्डविन यांचं घर तिथे होतं, १८३० च्या दशकातलं, प्रवाळ आणि दगडाच्या जाड भिंतींचं. १८५३ च्या देवीच्या साथीत या माणसाने माउईभर फिरून लोकांना टोचलं होतं. त्यांची औषधांची पेटी, मुलांची लहान पलंगडी पाहिली. या पलंगडीवर हेन्री झोपला असेल का, असं भाचा विचारत होता.

घरापासून दोन मिनिटांवर वड. साधासुधा नाही, अर्ध्या एकराहून जास्त जागेवर सावली धरणारा, पारंब्यांची खोडं झालेला. १८७३ च्या एप्रिलमध्ये मिशनच्या पन्नासाव्या वर्षाची आठवण म्हणून तो इथे लावला, तेव्हा आठ फुटांचा होता आणि रोप भारतातून आणलेलं होतं. लावणारा विल्यम ओवेन स्मिथ, त्या वेळचा शेरीफ. हाच स्मिथ वीस वर्षांनी, १८९३ मध्ये, राणी लिलिउओकालानीला गादीवरून उतरवणाऱ्यांत होता. मी पारंबीला हात लावला. सासूबाई वटपौर्णिमेला गुंडाळायच्या तसा दोरा माझ्याकडे नव्हता, पण एक प्रदक्षिणा घातली. पुरी घालायला वेळ लागला.

तेरा महिन्यांनी, ८ ऑगस्ट २०२३ ला, लाहाइना जळलं. शंभराहून अधिक माणसं गेली. गावाच्या वरचा ऊस दुसऱ्या कंपनीचा, पायोनियर मिलचा. तो १९९९ मध्ये बंद झाला आणि त्या जमिनीवर वाळकं गवत माजलं होतं. वाऱ्याने आग त्याच उतारावरून गावात आणली. विझवणाऱ्यांच्या नळांना पाणी येईनासं झालं. बाल्डविनांचं घर आतून जळालं, भिंती उरल्या. ती पलंगडी, ती पेटी गेली. वड काळा पडला.

भाच्याने काही आठवड्यांनी मला फोनवर व्हिडिओ पाठवला. वडाच्या बुंध्याशी टँकर लागला होता. माणसं मुळांवर पाइप धरून उभी होती, माती भुसभुशीत करून तिच्यात खत मिसळत होती. पुढच्या महिन्यात काही फांद्यांवर पोपटी पानं फुटली. काही फांद्या गेल्याच. मी तो टँकरचा व्हिडिओ गावी आईला दाखवला. तिने चष्मा लावून पुन्हा पुन्हा पाहिला आणि विचारलं, "हे पाणी कुठून भरून आणतात गं?"